दबा, पकड, छोड

पक्षाघाताचा झटका आला त्याच्या पाचव्या दिवशी बाबांनी हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या अख्खं त्रिशरण म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न अडखळता. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. आम्हा दोघींना वाटलं, वाचा परत आली. मग आईनं विचारलं, पाणी हवं का. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "खिडकी." त्यांना पाणीच म्हणायचं होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खिडकीच आली. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ मिटून घेतले आणि भिंतीकडे मान वळवली.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून समजावलं. माणूस जे आयुष्यभर रोज म्हणत आला, ते मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते शाबूत राहिलंय. नवीन बोलायला लागतं ते यंत्र दुखावलंय. उजवा हात खांद्यापासून गेलाय, तो हळूहळू थोडाफार येईल. पाय बचावला. बोलणं किती येईल ते सांगता येत नाही, पण मेहनत घेतली तर येतं, असं ते म्हणाले.

बाबा मेहनतीला कधी मागे हटलेले नव्हते. ते महूचे. आजोबा फौजेत, मग हे फौजेत. वर्कशॉपात गाड्यांचे मेकॅनिक म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. नंतर इंदूरला एका गॅरेजात पुष्कळ वर्षं काढली, तेव्हा आम्ही मल्हारगंजात आलो, गल्लीच्या टोकाशी खाली आम्हाला दोन खोल्या आणि वर भाड्यानं द्यायला दोन असं हे घर घेतलं. बोलायला ते मुळातच कमी. पण जे बोलायचे ते नेमकं. मी अकरावीत असताना मला मोटरसायकल शिकवली ती दहा-बारा वाक्यांत. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, मुलीला बाइकवर काय बसवता, स्कूटी घेऊन द्या. बाबा म्हणाले, जी गाडी घरात आहे ती हिला आली पाहिजे. विषय संपला.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. तरुण होत्या, मनापासून शिकवायच्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते असत. सफरचंद, पोपट, छत्री, घोडा. त्या पत्ता दाखवायच्या आणि बाबांनी नाव सांगायचं. पहिले काही आठवडे बाबा ताठ बसून ते करत. पोपटाला कधी पोपट म्हणत, कधी चमचा. एक दिवस त्या बाई गेल्यावर त्यांनी टेबलावर राहिलेला पोपटाचा पत्ता उचलला, उलटा ठेवला, आणि त्यानंतर त्या आल्या की हे आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले. बाईंनी दोन-तीनदा समजावून पाहिलं. शेवटी मला म्हणाल्या, "दीदी, इनका मन होगा तब मुझे फोन करना. मी येईन." थोडी थोडी मराठी त्यांनी आमच्याच घरात उचलली होती.

मग घरात शांतता झाली. सकाळी वंदना म्हणताना बाबांचा आवाज स्वच्छ यायचा आणि ती संपली की दिवसभरात हो, नाही, आणि बोटानं दाखवणं. आई त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायची. मला ते जमायचं नाही. मी विचारत बसायचे, चहा का, टॉवेल का, टीव्ही का, आणि ते वैतागून हात झटकायचे.

मोटरसायकल जिन्याखाली कव्हर घालून उभी होती. बाबांनी निवृत्तीच्या आधी स्वतःसाठी घेतलेली, काळी, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. झटक्यानंतर दीड वर्ष तिला कुणी हात लावला नाही. माझी नोकरी शाळेत केमिस्ट्री शिकवायची. त्या उन्हाळ्यात मला महूच्या एका शाळेत चांगली जागा मिळाली. बसनं जाऊन पाहिलं, पण दोनदा बदलायला लागायची आणि पहिला तास चुकायचा. आईच म्हणाली, जिन्याखाली गाडी सडत पडलीये, घेऊन जा की. मी बाबांना विचारलं. ते उठले, कपाटातून चावी काढली आणि डाव्या हातानं माझ्या तळहातावर ठेवली. मी बॅटरी बदलली, टायरमध्ये हवा भरली, इंजिन ऑइल बदलून घेतलं. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. ब्रेक दाबून पाहिला, लागत होता. त्यापलीकडे त्याच्याकडे पाहायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाच महिने मी रोज राऊवरून महूला गेले आणि आले. बाबा खिडकीत उभे राहून मी गाडी काढताना पाहायचे. मला वाटायचं, त्यांना वाईट वाटत असेल. म्हणून मी लवकर निघून जायचे.

नोव्हेंबरात एका दुपारी परत येताना पुढच्या ब्रेकची लिव्हर मला जरा मऊ लागली. नेहमी दोन बोटांनी दाबली की जागेवर थांबायची, ती आता थोडी आणखी आत जात होती. घर जवळ आलंय, संध्याकाळी बघू, असं म्हणून मी पुढे आले. बडा गणपतीच्या चौकाआधी गर्दी होती. पुढून एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. मी ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकली. काहीच झालं नाही. हातात काही नव्हतंच जणू. मी पायाचा ब्रेक जोरात मारला, मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली आणि माझं पुढचं चाक त्यांच्या सायकलच्या मडगार्डला हलकेच टेकून थांबलं. पिशवीतले दोन पेरू रस्त्यावर पडले. एवढंच.

मी गाडीवरून उतरले. त्या गृहस्थांनी आधी पेरू उचलले, मग माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, ब्रेक लागला नाही म्हणाले. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बेटा, अब बैठना मत इस पर. पैदल ले जा." आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत ते मागून येणाऱ्यांना हात करत तिथेच उभे राहिले.

मी गाडी ढकलत घरी आणली. बाबा खिडकीत होते. मी गल्लीत वळले तेव्हा त्यांनी मला ढकलताना पाहिलं असणार, कारण मी दाराशी पोचेपर्यंत ते बाहेर अंगणात आले होते. कित्येक महिन्यांत ते स्वतःहून अंगणात आले नव्हते. त्यांनी वाकून डावा हात लांब करून लिव्हर दाबली. ती मुठीला टेकली. पुन्हा पुन्हा भराभर दाबली, तशी ती थोडी कडक झाली. त्यांनी मान हलवली. मग हँडलवर ब्रेक ऑइलची छोटी डबी असते, तिच्या काचेच्या खिडकीवर बोटानं टकटक केलं.

मी वाकून पाहिलं. खिडकीवर खालची खूण असते, ऑइल त्याच्याही खाली गेलं होतं. जे होतं त्याचा रंग उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखा. नवं असताना ते पाण्यासारखं, जरा पिवळसर असतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. "पंखा," ते म्हणाले. मग आणखी जोरात, "पंखा." त्यांना हवा म्हणायचं होतं. पाइपात हवा शिरलीये. हे मला त्या क्षणी कळलं नाही, दोन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की ते माझ्यावर रागावलेत आणि रागवायला त्यांच्याकडे शब्द नाही. मी घाईनं म्हणाले, "उद्या मेकॅनिककडे देते ना बाबा, चौकातल्या." त्यांनी डावा तळहात सीटवर आपटला. त्याचा अर्थ मला कळला. नाही.

रविवारी सकाळी ते माझ्याआधी तयार होते. खाटेखालची हिरवी ट्रंक त्यांनी एका हातानं ओढत दारापर्यंत आणली होती. आत त्यांचे पाने, जाड कापडाच्या घडीत साइजप्रमाणे लावलेले. मी मोबाइलवर सगळं वाचून तयार होऊन आले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं. गाडी उभी असली तरी. मी वर्गात मुलांना ओलावा शोषणारे पदार्थ शिकवते. कॅल्शियम क्लोराइड उघडं ठेवून पाणी झालेलं दाखवते. आणि रोज ज्याच्या भरवशावर मी पन्नास किलोमीटर जात-येत होते, ते पाणी पीत बसलंय हे मला माहीत नव्हतं. लिव्हर दाबली की ऑइल दाबलं जातं आणि ते पुढच्या चाकाशी ब्रेकचे गुटके, म्हणजे पॅड, डिस्कवर दाबतं. ऑइल दबत नाही, म्हणून ब्रेक लागतो. हवा दबते. मध्ये हवेचा बुडबुडा असला की हाताचं सगळं बळ त्या बुडबुड्यातच जिरतं.

मी पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं शेल्फवरची अर्धी बाटली काढली, तुम्हाला तर थोडंच लागेल, यातूनच देतो म्हणाला. मला तेही बरं वाटलं. घरी येऊन बाटली बाबांपुढे धरली. त्यांनी झाकण फिरवून पाहिलं, ते सहज फिरलं, आणि त्यांनी बाटली माझ्याकडे परत ढकलली. "बंद," ते म्हणाले. "बंद. बंद."

मला वाटलं, काम बंद करायचं म्हणतायत. मी पाने गोळा करायला लागले तर ते आणखी चिडले. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "अगं, बंद बाटली आण म्हणतायत. सीलवाली. ही उघडी आहे ना." बाबांनी आईकडे असं पाहिलं, जणू तिला पदकच देतायत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की शब्द बरोबर आला होता. खिडकी नाही, चमचा नाही. बंद म्हणजे बंदच. मी दुकानात परत गेले आणि सीलबंद बाटली घेऊन आले.

त्या दिवशी काम मात्र बिघडलं. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वर लिव्हर दाबून धरायची. दुसऱ्यानं खाली चाकाजवळ बसून ब्रेकवरचं छोटं निप्पल पान्यानं किंचित सैल करायचं. तिथं पारदर्शक नळी लावलेली असते, ती एका बाटलीत सोडलेली. जुनं ऑइल आणि हवा नळीतून बाहेर येते. मग निप्पल आवळायचं, आणि ते आवळलं की मगच वरच्यानं लिव्हर सोडायची. आधी सोडली तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते.

बाबांनी मला खाली बसायची खूण केली आणि स्वतः स्टुलावर बसून उजव्या हातानं लिव्हर धरली. लिव्हर उजव्या बाजूलाच असते. मी म्हणाले, डाव्यानं धरा. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून लिव्हरवर बसवली आणि दाबलं. हात थरथरत होता पण लिव्हर आत गेली. मी निप्पल सैल केलं, नळीतून काळपट ऑइल आलं, त्यात बुडबुडे. मला आनंद झाला. आणि मी आवळायच्या आतच त्यांची बोटं सुटली. लिव्हर खाडकन परत आली आणि नळीतलं ऑइल वर ओढलं गेलेलं मी पाहिलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्यांनी दात आवळून धरलं आणि तरी ते सुटलं. मग ते उठले आणि आत गेले.

मी डबीचं झाकण लावलं, गाडीवर सांडलेलं ऑइल पाण्यानं धुऊन टाकलं, कारण ते रंग खातं, आणि आत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ती हळू आवाजात म्हणाली, तू कशाला त्यांना लिव्हरवर बसवलंस. मी म्हणाले, मी नाही बसवलं, ते स्वतः बसले. आई म्हणाली, त्यांना वाटतंय तुझा ब्रेक त्यांच्यामुळे गेला. दीड वर्ष गाडीकडे बघता आलं नाही म्हणून. परवापासून झोपत नाहीयेत धड.

हे मला सुचलंच नव्हतं. मी समजत होते ते माझ्यावर रागावलेत. मी पाच महिने गाडी चालवली, डबीच्या खिडकीकडे एकदा नजर टाकली नाही, आणि त्याचं ओझं ते घेऊन पडले होते.

मी त्यांच्या खाटेच्या कडेला जाऊन बसले. समजूत काढायला गेले असते तर त्यांनी मान फिरवली असती, हे मला माहीत होतं. समजूत काढणारे या जवळजवळ दोन वर्षांत खूप आले होते. मी खरंच पडलेला एक प्रश्न विचारला.

"बाबा, वर्कशॉपात हे काम करताना खाली कोण बसायचं? सीनियर की ज्युनियर?"

त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही खाली? आणि वर लिव्हरवर?"

बाहेर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं. बाबांचे ओठ दोनदा हलले, थांबले. मग ते म्हणाले, "रंगरूट."

नवा भरती झालेला सैनिक, त्याला फौजेत रंगरूट म्हणतात. मी तो शब्द त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकला होता. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. बाबांनाही आपण काय म्हणालो ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे मी रंगरूट," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हो.

पुढच्या रविवारी आम्ही जागा बदलल्या. बाबा पुढच्या चाकाजवळ पाटावर बसले, आठ नंबरचा पाना डाव्या हातात. मी वर लिव्हरपाशी. मी डबीचे दोन स्क्रू सोडले, हलक्या हातानं, कारण ते मऊ असतात आणि जोर लावला की त्यांचं डोकंच जातं. झाकण काढलं, आतलं रबर उचललं, सीलबंद बाटली फोडून खुणेपर्यंत ऑइल भरलं. सकाळची दहाची वेळ होती आणि गल्लीत ऊन उतरलं होतं. बाबांनी नळी निप्पलवर बसवली, एका हातानं, सावकाश, तीनदा निसटल्यावर चौथ्यांदा. मी मदतीला हात पुढे केला नाही. तेवढं मी शिकले होते.

मग मी लिव्हरवर हात ठेवून उभी राहिले. केव्हा दाबायचं ते मला कळेना. मी खाली पाहिलं. बाबा निप्पलकडे पाहत होते, पाना बसवलेला.

"दबा," ते म्हणाले.

मी दाबलं.

"पकड."

पाना किंचित फिरला. नळीतून काळं ऑइल आणि बुडबुड्यांची रांग बाटलीत गेली. लिव्हर माझ्या हाताखाली मुठीपर्यंत बुडाली. मी धरून ठेवली. पाना परत फिरला.

"छोड."

मी सोडली.

"दबा," ते म्हणाले.

घरात आम्ही मराठी बोलतो, पण फौजेत सगळे हुकूम हिंदीतच. हे तीन शब्द त्यांनी वर्कशॉपात किती हजार वेळा म्हटले असतील. वंदनेसारखेच ते त्यांच्या आत कुठेतरी सुखरूप पडून होते आणि आम्ही त्यांना पोपट दाखवत होतो. मला हे तेव्हाच जाणवलं, पण विचार करायला वेळ नव्हता, कारण ते थांबत नव्हते. दबा, पकड, छोड. दबा, पकड, छोड. आवाज खणखणीत होत गेला. बारा-पंधरा वेळा झालं असेल, तोच त्यांनी एकदम पाना वर केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "वर बघ."

मी डबीत पाहिलं. ऑइल तळाला गेलं होतं. आणखी दोनदा दाबलं असतं तर वरूनच हवा शिरली असती आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी नवं ऑइल ओतलं. मला वर बघायची आठवण राहिली नव्हती, आणि त्यांना खाली बसून हिशेब होता की आता डबी रिकामी होत आली असणार. पण मला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. वर बघ हे हजार वेळा म्हटलेलं नव्हतं. रंगरूटाला ते मराठीत म्हणालेच नसते. ते माझ्यासाठी बनवलेले दोन शब्द होते, ताजे.

मी आईकडे पाहिलं. ती पायरीवर मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

हळूहळू नळीतलं चहासारखं ऑइल मधासारखं झालं, मग पिवळसर, मग जवळजवळ पाण्यासारखं. बुडबुडे विरळ झाले. बाबांनी पान्याच्या दांड्यानं ब्रेकवर आणि पाइपवर हलके ठोकलं, तसे कुठे अडकलेले आणखी दोन बुडबुडे निघाले. मग आले नाहीत. माझ्या हातालाही ते कळत होतं. लिव्हर दर वेळी थोडी आधी थांबत होती, जास्त घट्ट. शेवटी ती अर्ध्यावर येऊन दगडासारखी थांबली.

बाबांनी निप्पल शेवटचं आवळलं, त्यावरची टोपी बसवली, मी डबीचं झाकण लावलं, आणि त्यांनी मला पाणी आणायला खुणावलं. त्यांनी स्वतः ब्रेक धुतला, डिस्क कोरड्या फडक्यानं पुसली, दोनदा. मग उठून माझ्या बाजूला आले आणि लिव्हर दाबून पाहिली. डाव्या हातानं. मग उजव्या हातानंही, बोटं एकेक करून बसवून. हात सुटला, पण या वेळी सुटला तरी काही बिघडणार नव्हतं. ते थोडं हसले.

मी गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाडी नेली आणि तीन-चारदा जोरात थांबवून पाहिली. परत आले तर बाबा अजून उभेच होते. मी म्हणाले, लागतो. ते म्हणाले, "गुटके." मी वाकून पाहिलं. ब्रेकचे गुटके झिजून पातळ झाले होते. ते झिजले की ऑइल तितकं खाली उतरतं, डबीतलं कमी होतं. म्हणजे माझ्या त्या दुपारचं अर्धं कारण तिथं होतं. पुढच्या रविवारी आम्ही ते बदलले, आणि त्या दिवशी त्यांनी मला आणखी चार शब्द सांगितले. त्यातला एक चुकला. चुकल्यावर ते आत गेले नाहीत. तोच शब्द दोनदा घोळवला, सोडून दिला, आणि बोट दाखवून काम पुढे नेलं.

सोमवारी मी बोलणं शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की चूक त्यांचीच, ते काय काम करायचे हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, आम्ही तरी कुठं सांगितलं. त्यांच्या सांगण्यावरून मी ट्रंकेतल्या एकेका वस्तूचा फोटो काढून पत्ते केले. पाना, पक्कड, पेचकस, नळी, वॉशर, टायर, चेन. त्या आल्या तेव्हा बाबा आतल्या खोलीत गेले नाहीत. पहिला पत्ता बघून त्यांनी नुसतं नाव सांगितलं नाही, पान्याचा नंबरही सांगितला. बाईंना तो बरोबर की चूक ते कळेना. मी ट्रंकेतून काढून पाहिला. बरोबर होता.

हे सगळं सरळ वाढत गेलं असं नाही. काही दिवस एक शब्द यायचा नाही. माझं नाव यायला होळी उजाडली, आणि तेही आधी माझ्या आत्याचं नाव घेऊन मग आलं. उजवा हात कप धरू लागला, भरलेला नाही. पण महिन्यातून एकदा रविवारी बाबा गाडीपाशी येतात, डबीच्या खिडकीवर टकटक करतात, गुटके पाहतात, लिव्हर दाबतात. मी शेजारी उभी राहते. आता मी सकाळी लवकर निघून जात नाही. ते खिडकीत नसतात, अंगणात असतात, आणि मी बसल्यावर आधी ब्रेक दाबून दाखवल्याशिवाय मला सोडत नाहीत.

परवा वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली आले. बँकेत आहेत, नुकतेच उज्जैनहून बदलून आलेले. त्यांच्या स्कूटरचा ब्रेक मऊ लागत होता आणि आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या घरात याचे उस्ताद आहेत. बाबांनी पाट घेतला आणि ते चाकाजवळ बसले. मी भाडेकरूंना लिव्हरवर उभं केलं, कसं करायचं ते सांगितलं, आणि वही तपासत पायरीवर बसले. दबा, पकड, छोड सुरू झालं. ते गृहस्थ उत्साही होते. सहा-सात वेळा झाल्यावर त्यांना वाटलं आपल्याला ताल कळला, आणि त्यांनी बाबांची वाट न पाहता हात सोडला. नळीतलं ऑइल वर ओढलं गेलं.

बाबांनी पाना खाली ठेवला. वर पाहिलं.

"मैंने अभी छोड बोला नहीं था," ते म्हणाले.

संपूर्ण वाक्य. एकामागोमाग एक सगळे शब्द आपापल्या जागी. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. माझ्या हातातला लाल पेन वहीवर तसाच राहिला. भाडेकरूंना यात काही विशेष झालं हे कुठून कळणार, ते आपले ओशाळून म्हणाले, "सॉरी, अंकलजी. फिर से करते हैं," आणि त्यांनी लिव्हर पुन्हा नीट धरली.

बाबांनी पाना उचलला.